मन्मथआप्पांची चौदावी पायरी

मन्मथआप्पांची आठवण मला नाकातून येते. परवा नात पुण्याहून आली, जेवता जेवता तिनं लॅपटॉप उघडला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर वर सरकली आणि पुढ्यात वरणभात असताना माझ्या नाकात तंबाखू, घाम, ओला टॉवेल आणि कांदा यांचा एकत्र भपकारा आला.

"काय करायलीस गं?" मी विचारलं.

"डेटाबेसचं मायग्रेशन चालवायलेय, आजी. तुला नाही कळायचं."

"उतार लिहिलास का?"

पोरीच्या हातातला चमचा तिथंच थांबला.

उतार लिहिल्याशिवाय चढ चालवायचा नाही, हे मला शिकवणारा माणूस माझ्या उभ्या आयुष्यातला सगळ्यात घाणेरडा माणूस होता. घाणेरडा हा शब्द मी विचार करून लिहिते आहे. पुढं वाचलंत तर पटेल. आणि त्या माणसाची नोकरी माझ्यामुळं गेली, हेही आत्ताच सांगून टाकते. नाहीतर मी आपली गमती सांगत बसेन आणि तुम्ही मला गरीब बिचारी म्हातारी समजाल.

मी तेव्हा परभणीतल्या एका धर्मादाय नेत्र रुग्णालयात नोंदणी विभागाची प्रमुख होते. वय त्रेपन्न. नात म्हणते, तरुणपणचं सांग म्हटलं की तू त्रेपन्नचं काय सांगतेस? अगं, त्रेपन्नाव्या वर्षी मी जेवढी मूर्ख होते तेवढी तेविसाव्या वर्षीही नव्हते. खळ घातलेली साडी, पदराला पिन, टेबलावर रोज धुतलेला रुमाल, अक्षर छापल्यासारखं. पण खरी ख्याती माझ्या ब्लेडची. रजिस्टरात चूक झाली की दाढीच्या अर्ध्या पात्यानं मी शाई अशी खरवडायची की कागदालासुद्धा पत्ता लागू नये. वरून नखानं घासायचं, गुळगुळीत झालं की बरोबर आकडा लिहायचा. तीस वर्षांच्या रजिस्टरांत एक काट नाही. हे मी लग्नकार्यात, अनोळखी बायकांना, आपणहून सांगायची. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

अशा या चकचकीत देशमुखबाईच्या शेजारच्या टेबलावर रुग्णालयानं मन्मथआप्पांना आणून बसवलं.

आप्पा पिंगळीचे. रोज रेल्वेनं यायचे. पन्नाशीचे, बुटके, पोट पुढं. गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, आणि त्याच्या खाली जे बनियन होतं त्याचा मूळ रंग कोणता असेल यावर आम्ही बायका डबा खाताना चर्चा करायचो. शर्टाची कॉलर आतून काळी. टेबलाखाली वनस्पती तुपाचा रिकामा डबा, थुंकायला. तो डबा शनिवारी रिकामा व्हायचा. सोमवारपासून त्यात काय साठत जायचं ते मी लिहीत नाही, पण उन्हाळ्यात गुरुवारनंतर आमच्या खोलीत कोणी पाहुणा बसत नसे. पायाची नखं ते माझ्या कात्रीनं कापायचे. माझ्या! कात्री परत ठेवताना पॅण्टला पुसायचे, एवढा शिष्टाचार.

एकदा त्यांचा कीबोर्ड अडला. त्यांनी तो उचलून टेबलावर उपडा आपटला. शेव पडली, डोक्यातला कोंडा पडला, एक वाळलेली मुंगी पडली आणि अर्धा शेंगदाणा. कोंडा त्यांनी फुंकला, माझ्या दिशेनं. मुंगी झटकली. शेंगदाणा खाल्ला.

"शी! आप्पा!"

"वाया कशाला घालवायचा, बाई? शेंगदाणाच हाय की."

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. मी लेखी तक्रार दिली. पुढं आणखी दोन दिल्या. अक्षर अर्थात सुरेख.

आप्पा दोनच कारणांसाठी हात धुवायचे. सकाळी अकराला सामानाच्या खोलीत जाऊन वीस मिनिटं लिंगपूजा करायचे, त्याआधी. आणि 'पायरी' चालवायची असली की त्याआधी. तेव्हा कोपरापर्यंत साबण लावून, चूळ भरून, हात वर धरून यायचे, अगदी सर्जन येतात तसे. बाकी जेवणाआधीसुद्धा नाही.

ही पायरी काय भानगड, ते सांगते. रुग्णांच्या नोंदी तेव्हा रजिस्टरातून कॉम्प्युटरात गेल्या होत्या. त्या नोंदींचा साचा अधूनमधून बदलावा लागतो. एखादा रकाना वाढतो, एखादा जातो, एकाचे दोन होतात. आमच्याकडं मशीनं तीन: एक मुख्य, एक ऑपरेशन थिएटरचं, एक गावोगावच्या शिबिरांना जाणारा लॅपटॉप. तिन्हीकडं तेच बदल, त्याच क्रमानं व्हायला पाहिजेत. त्यासाठी आप्पांनी स्वतः एक अवजार लिहिलं होतं. त्याला चित्र नाही, बटण नाही. काळा पडदा, त्यावर हुकूम टाइप करायचा, इंग्रजी अक्षरांत पण आपल्या भाषेत.

प्रत्येक बदलाची एक फाईल, फाईलला क्रमांक. ती एक पायरी. वरच्या अर्ध्यात चढ, म्हणजे काय बदलायचं. खालच्या अर्ध्यात उतार, म्हणजे चढता चढता घसरलं तर परत कसं यायचं. आप्पा उतार आधी लिहायचे आणि मला मोठ्यानं वाचायला लावायचे. 'पायरी कुठंय' म्हटलं की मशीन कितव्या पायरीवर उभं आहे ते सांगायचं. 'पायरी चढ' म्हटलं की राहिलेल्या पायऱ्या क्रमानं चढायचं. आणि चढून झालेल्या प्रत्येक फाईलचा ते ठसा घेऊन ठेवायचं, आपण कागदावर अंगठा घेतो तसा. पुढं कोणी जुन्या फाईलीत टिंब जरी हलवलं तरी ठसा जुळायचा नाही. मग पायरी अडून बसायची, आणि पडद्यावर आप्पांनीच लिहून ठेवलेली ओळ यायची:

'जुन्या पायरीला हात लावलाय. कोण?'

"मग चूक झाली तर दुरुस्त कशी करायची?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"नवी पायरी लिहायची, फुडच्या नंबराची. जुनी हाय तशी राहू द्यायची."

"म्हणजे चूक कायमची दिसत राहणार?"

"दिसू द्या की. तुमाला कामून लाज वाटायली? चूक माझी हाय."

मला किळस आली. खरं सांगते, त्या शेंगदाण्यापेक्षा जास्त आली. चूक करायची, वर ती नंबर घालून जपून ठेवायची! घरात केर काढून पाहुण्यांसमोर ताटात मांडावा तसं वाटलं मला ते.

आमचे मोठे डॉक्टर मात्र फार स्वच्छ. गुलाबी नखं, मंद अत्तर, हातात घडी न मोडलेली दस्ती, म्हणजे हातरुमाल. मला ते देवासारखे वाटायचे, असली मी. एकदा ते स्वतः आमच्या खोलीत आले.

"आप्पा, तो 'पुन्हा बोलावले' असा रकाना आहे ना, तो काढून टाका. ज्यांचं ऑपरेशन बिघडलं ते सगळे त्यात दिसतात. पुढच्या महिन्यात देणगीदार तपासणीला येणार आहेत."

आप्पा तळहातावर चुना मळत होते. "काढतो की साहेब. पायरी लिहितो. खाली शेरा टाकतो, मोठ्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून काढला, बिघडलेले डोळे दिसू नयेत म्हणून."

"शेरा कशाला खामखा?"

"शेऱ्याबगर पायरी न्हाई लिहीत मी."

"मग पायरी नको. आतून हातानं काढा."

"हातानं न्हाई," आप्पा म्हणाले, आणि वाकून डब्यात थुंकले.

मोठे डॉक्टर दस्ती नाकाला लावून बाहेर पडले. दारात मला म्हणाले, "बाई, तुम्ही हे सगळं कसं सहन करता?" मी विरघळले. तिसरी तक्रार मी त्याच दुपारी लिहिली. रकाना राहिला.

आता ती चौदावी पायरी. कोणत्या डोळ्याचं ऑपरेशन, हे आमच्याकडं आकड्यानं लिहायचे. एक म्हणजे उजवा, दोन म्हणजे डावा. मोठ्या डॉक्टरांनी एके दिवशी ठासून सांगितलं की शिबिरातले लोक उलटं लिहितात, सगळे आकडे अदलाबदल करा. आप्पांनी चौदावी पायरी लिहिली, तिच्यात अदलाबदल केली, चढवली. मग कागद घेऊन वॉर्डात गेले. ही त्यांची सवयच होती. पायरी चढवली की पाच पेशंटांना स्वतः जाऊन विचारायचं.

"यंत्राला इचारून यंत्राची चूक कळती का, बाई?" म्हणायचे.

पाचही जणांनी कागदावरच्या डोळ्याऐवजी दुसरा डोळा दाखवला. शिबिरातले लोक पहिल्यापासून बरोबरच लिहीत होते. तोवर चौदावी पायरी थिएटरच्या मशीनवरही चढली होती, आणि एकाहून जास्त मशीनवर गेलेली पायरी मागं घ्यायची नाही हा आप्पांचा नियम. अर्ध्या तासात पंधरावी लिहिली. तिच्यात पुन्हा अदलाबदल, म्हणजे सगळं होतं तसं झालं. खाली शेरा: 'चौदावी पायरी चूक. शिबिरातल्या माणसांना न विचारता लिहिली. गाढवपणा माझा. मन्मथ.'

"अहो, सांगितलं मोठ्या डॉक्टरांनी," मी म्हटलं.

"सांगितलं त्यांनी. न इचारता लिहिलं कोणी?"

शिबिराचा लॅपटॉप या सगळ्या काळात जिंतूर भागात होता. तो तेराव्या पायरीवरच उभा होता. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

तपासणीच्या आदल्या आठवड्यात मोठ्या डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. देणगीदारांनी सगळ्या पायऱ्यांच्या फाईली छापून मागितल्या होत्या. "जरा स्वच्छ करून घ्या, बाई. तुमच्यासारखं काम इथं कोणाला जमतं?" एवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी अकराला आप्पा पूजेला गेले, मशीन नेहमीप्रमाणं उघडंच होतं, आणि मी त्यांच्या खुर्चीवर आधी वर्तमानपत्र पसरून बसले.

'गाढवपणा' हा शब्द मला आधी खुपला. पाहुण्यांनी काय म्हणावं! पंधराव्या पायरीतला शेरा पुसून मी लिहिलं, 'डोळ्यांच्या नोंदी अद्ययावत केल्या.' मग चौदावी उघडली. चूक इथं आहे ना, मग इथंच खरवडायची. अदलाबदलीच्या ओळी काढून टाकल्या आणि उरलेल्या किरकोळ ओळी एकाखाली एक सरळ लावल्या. पंधरावीतली अदलाबदल मात्र ठेवली, कारण तिनंच तर सगळं सुधारलं होतं! उलट्यावर उलटं करून सुलटं झालं होतं, त्यातलं एक उलटं मी काढून घेतलं. केवढी अक्कल म्हणायची ही.

झालं का ते पाहायला 'पायरी कुठंय' टाइप केलं.

'जुन्या पायरीला हात लावलाय. कोण?'

लहानपणी लोणच्याच्या बरणीत हात घातलेला आईनं पाहिला होता, तसं झालं. पण एक हुकूम आप्पांनीच मला शिकवला होता, 'पायरी मान', म्हणजे नवा ठसा मान्य कर. अडीनडीला असावा म्हणून. मी तो टाइप केला. पडदा गप्प झाला.

आप्पा कपाळाला विभूती लावून आले. "काय करायलाव, बाई?"

"छापायलेय. तपासणीचं."

"बसा की मग, उठायलाव कशाला?" ते म्हणाले, आणि माझं वर्तमानपत्र नीट घडी करून मला परत दिलं.

तपासणी छान झाली. पाहुणे म्हणाले, इतकं नेटकं दप्तर पाहिलं नाही. मोठ्या डॉक्टरांनी मला पेढा दिला. मी तो घरी नेऊन नवऱ्याला दाखवून मग खाल्ला.

चार दिवसांनी जिंतूरकडून जीप आली. लॅपटॉप आला आणि त्याच्याबरोबर अकरा म्हातारी माणसं, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. आप्पांनी हात धुतले, मुख्य मशीनवरच्या फाईली लॅपटॉपवर घेतल्या आणि तो तेराव्या पायरीवरून वर चढवला. त्या मशीननं चौदावी कधी पाहिलीच नव्हती, त्यामुळं ठसा, अडून बसणं, 'कोण' विचारणं, काही नाही. चौदावीत आता काहीच नव्हतं. पंधरावीनं इमानदारीत अदलाबदल केली. अकराही माणसांचे डोळे उलटे झाले. थिएटरची यादी छापून गेली.

आप्पा तोंडात तंबाखूचा बार भरून, कागद घेऊन वॉर्डाकडं निघाले. मीही मागं होते, मला चादरींची नोंद घ्यायची होती. यादीतली पहिली बाई, गयाबाई नावाची, एव्हाना थिएटरच्या दाराशी चाकाच्या खुर्चीत बसलेली. उजव्या डोळ्याच्या पापण्यांचे केस कापलेले, वर चिकटपट्टीची खूण, डोळ्यात औषध घातलेलं. आप्पांनी भुवया उडवून खुणेनंच विचारलं, कोणता डोळा?

"आता तुमी म्हनताल त्यो," गयाबाई म्हणाली. "ह्यो उजवा तर माझं लगीन व्हयाच्या आधीच पऱ्हाटीच्या काडीनं फुटलाय. त्यातून उजेड बी दिसंना. डाव्याचं दाखवाया आलते म्या. पर ह्या सिस्टरबाईनं ह्याच्यातच दवा घातली. म्या म्हनलं, शिकलेली मानसं हायत, त्यांना जास्त कळत आसंल."

आप्पांच्या तोंडात बार भरलेला. थुंकायला जागा नाही, बोलल्याशिवाय गत्यंतर नाही. त्यांनी तो सगळा ऐवज गिळला. मी डोळ्यांनी पाहिलं, गळ्यातून खाली जाताना. आणि त्या चिखलानं भरलेल्या चपला घालून ते थिएटरच्या लाल पट्टीच्या आत घुसले, दारात आडवे उभे राहिले.

"एक बी माणूस आत जायचा न्हाई! डोळे उलटे झालेत!"

सिस्टर किंचाळली, "चपला! आप्पा, चपला!" आप्पा हलले नाहीत. ओठाच्या कडेनं तपकिरी ओघळ हनुवटीवर आलेला, डोळ्यांत पाणी, मधूनच उचकी. अकराही जणांना पुन्हा विचारून नवी यादी हातानं लिहीपर्यंत ते तसेच उभे राहिले. मग बाहेर जाऊन भडाभडा ओकले.

गयाबाईचा डावा डोळा दुपारी नीट झाला. टेबलावर सर्जननं पाहिलंच असतं, काही बिघडलं नसतं, असं मोठे डॉक्टर पुढं सगळ्यांना सांगत. पाहिलं असतंही. मला माहीत नाही.

संध्याकाळी केबिनमध्ये चौकशी. मोठे डॉक्टर, दोन विश्वस्त, आप्पा आणि टिपणं घ्यायला मी. आप्पा म्हणाले, "माझ्या चौदाव्या पायरीत अदलाबदल व्हती. आता न्हाई. कोणीतरी जुन्या पायरीला हात लावलाय आन् वर 'मान' चालवलंय."

"तुमच्याच मशीनवरून, तुमच्याच नावानं," मोठे डॉक्टर म्हणाले. "वेळ अकरा वाजून बारा मिनिटं."

"तवा मी पूजेला असतो."

"मग कोण होतं?"

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. फार नाही, पापणी लवेपर्यंत. त्या फाईलीतल्या ओळी एकाखाली एक सरळ लावलेल्या होत्या. एवढं नीटनेटकं काम त्या इमारतीत एकाच माणसाचं होतं. मी टिपणाच्या कागदाला समास आखत होते. आधीच आखलेला होता, त्यावरून पुन्हा आखला.

"मी पाह्यलं न्हाई," आप्पा म्हणाले. "न पाह्यलेलं मी बोलत नसतो."

मग मोठ्या डॉक्टरांनी खणातून एक फाईल काढली. तिच्यात माझ्या तीन तक्रारी. सुरेख अक्षरातल्या. त्या त्यांनी मोठ्यानं वाचल्या, डब्यापासून शेंगदाण्यापर्यंत. विश्वस्तांनी तोंडं वाकडी केली. निष्काळजीपणा आणि अस्वच्छता, या दोन कारणांवरून आप्पांना काढलं. हुकूमही मीच लिहिला. एकही काट नाही.

मी तोंड उघडलं नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, नऊ दिवस. शेजारचं टेबल धुतलं गेलं, फिनेलचा वास आला, सगळे म्हणाले, बाई, आता बरं वाटत असेल. मी म्हटलं, हो. रात्रीची भाकरी उतरत नव्हती, तर मला पित्त झालंय असं नवऱ्याला सांगितलं.

दहाव्या दिवशी नांदेडकडच्या एका रुग्णालयातून फोन आला, थेट नोंदणी विभागात. आप्पांनी तिथं नोकरी मागितली होती. पलीकडची बाई म्हणाली, "माणूस कामाचा वाटतो हो. पण त्यानं पेशंटांचे डोळे उलटे केले म्हणतात. खरं असेल तर आम्हाला नको. तुम्ही लेखी काय ते द्या."

मी उठून मोठ्या डॉक्टरांकडं गेले आणि उभ्याउभ्या सांगितलं, मी केलं. वाटलं, आता पृथ्वी फाटेल. ते हात पुसत होते.

"बाई, बसा. पाणी घ्या. आता हे उकरून काय होणार? तपासणीवाल्यांना कळलं तर? छापलेली पानं तुम्ही बदललेली होती, असं सांगू का मी त्यांना?"

"पण आप्पांनी केलं नव्हतं."

"तो माणूस घाणेरडा होता, बाई. मी नाही म्हणत, तुम्हीच लिहिलंय." आणि हसले. त्यांच्या अत्तराचा वास माझ्या डोक्यात चढला. टेबलाखालच्या त्या डब्यानं मला कधी इतकं मळमळलं नव्हतं. बाहेर आले, बेसिनपाशी उभी राहिले, आरशात पदराची पिन अजून सरळच होती. ती बाई मला पाहवेना.

राजीनामा तोंडावर फेकला असं लिहायला मजा आली असती. नाही फेकला; दोन वर्षं राहिली होती निवृत्तीला. घरी जाऊन एक कागद लिहिला, सकाळी रिक्षा केली आणि पिंगळी गाठली.

आप्पा अंगणात म्हशीपाशी उकिडवे बसले होते. तिच्या कासेजवळच्या गोचिडी उपटून दोन अंगठ्यांच्या नखांत चिरडत होते. टचकन आवाज व्हायचा आणि काळं रक्त उडायचं. मला पाहून उठले नाहीत.

"या बाई. हिकडून या, तिकडं शेण हाय."

"आप्पा, ते मी केलं होतं."

"म्हाईत हाय."

"मग नाव का नाही घेतलंत?"

"सांगितलं की तवाच. पाह्यलं नव्हतं." टचकन. "आन् मला सांगून काय उपेग? ज्यांना सांगायचं त्यांना सांगा."

मी कागद पुढं केला. नांदेडच्या रुग्णालयाच्या नावानं होता. त्यांनी तो त्याच हातांनी घेतला. पहिल्याच ओळीवर रक्ताचं बोट उमटलं. मी दातावर दात ठेवून उभी राहिले. ते ओठ हलवत सावकाश वाचत गेले आणि एका जागी थांबले.

"'नजरचुकीनं' बदल झाला. असं हाय का?"

"हो. म्हणजे..."

"नजर तर तुमची लय चांगली हाय, बाई. आमच्या साऱ्या दवाखान्यात तेवढी कोणाची नव्हती."

मी कागद परत घेतला. "दुसरा लिहून आणते. स्वच्छ."

"दुसरा कशाला? गाडी हाय माझी, त्यांनी आजच बोलावलंय. ह्याच्यावरच लिहा."

म्हशीच्या पाठीला टेकवून कसं लिहिणार? आप्पांच्या बायकोनं पाटा उलटा करून दिला. त्यावर मी 'नजरचुकीनं' या शब्दावर रेघ मारली आणि वर लिहिलं, 'चूक दिसू नये म्हणून, जाणूनबुजून.' आप्पा म्हणाले, 'मान' चालवलं ते बी लिहा. लिहिलं. आन् तवा गप्प बसलाव ते? तेही लिहिलं, समासात, आडवं. खाली सही. माझ्या आयुष्यात इतका गचाळ कागद मी लिहिला नव्हता. अक्षर कोंबडीच्या पायासारखं.

आप्पांच्या बायकोनं पिठलं-भाकरीचं ताट आणलं. "खावा की बाई, लय लांबून आलाव." ताटाच्या काठावर एक म्हशीचा केस होता. मी नाही खाल्लं. आज वाढलं तरी खाणार नाही. माणूस इतकाही सुधारत नसतो.

"रिक्षात बसा, आप्पा. स्टेशनला सोडते."

"न्हाई. तुमाला वास यील," ते अगदी साधेपणानं म्हणाले आणि पायी निघाले.

त्या कागदाचं पुढं काय झालं ते इथंच सांगते. दोन दिवसांनी नांदेडच्या बाईंचा फोन आला. आप्पांना घेतलं होतं. "तुमचा कागद मिळाला, पण फारच मळलाय हो. फाईलला लावायचाय, दुसरा पाठवाल का?" मी म्हटलं, नाही, तोच लावा. मोठ्या डॉक्टरांच्या कानावर गेल्यावर त्यांनी मला सामानाच्या खोलीत टाकलं. उरलेली दोन वर्षं मी तिथं चादरी मोजल्या. बरं झालं. तिथं मोठे डॉक्टर येत नसत.

आप्पा मात्र मला पुन्हा दिसले नाहीत. शेवटचे दिसले ते कागद दिला त्याच दिवशी, पिंगळीच्या रेल्वे फाटकापाशी. फाटक पडलेलं होतं, माझी रिक्षा अडकलेली. आप्पा पलीकडच्या पायवाटेनं स्टेशनकडं चाललेले. दूर गाडीची शिटी वाजली. कोणीही घाई केली असती. आप्पा थांबले, इकडंतिकडं पाहिलं, आणि एका बाभळीच्या आडोशाला तोंड करून उभे राहिले. आडोसा कसला, रिक्षातून सगळं स्वच्छ दिसत होतं. दोन्ही हात लागणार म्हणून त्यांनी तो कागद घडी करून दातांत धरला.

रिक्षावाल्यानं "काय मानसं हायत!" म्हणून मान फिरवली. गाडी दिसायला लागली, मोठी होत आली, तरी आप्पांचं चाललेलंच. मग एका हातानं पॅण्ट सावरत, एका हातानं गळ्यातलं लिंग छातीशी धरत, ते स्टेशनच्या दिशेनं पळत सुटले. पोट हलत होतं, चपलांतून धूळ उडत होती, आणि कागद अजून तोंडातच होता. देशमुखांच्या घरातली मी, एरवी अशा वेळी डोळे मिटून घेणारी बाई. त्या दिवशी गाडी मध्ये येईपर्यंत मी पापणीसुद्धा लववली नाही. कागद पडतो की काय, तेवढंच बघत होते.